आगीचा घास

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात सगळे चुना भाजायचे. गाव इतकं पांढरं होतं, की सकाळी काळाभोर आलेला कावळा संध्याकाळी करडा होऊन घरट्याकडे जायचा. माणसांच्या भुवया पांढऱ्या, बैलांच्या पापण्या पांढऱ्या. शेजारच्या गावचे लोक हसायचे, म्हणायचे, या गावात पोरं म्हातारी होऊनच जन्माला येतात.

त्या गावात दोन भाऊ राहायचे. थोरला शांत होता. धाकटा असा होता, की आधी उडी मारायचा आणि मग खाली काय आहे ते बघायचा. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्यानं धाकट्याला खांद्यावर बसवून वाढवलं. पुढे थोरल्याचं लग्न झालं. वहिनी घरात आली. तीही दिराला पोटच्या पोरासारखं जपायची, फक्त तिची जीभ तिखट होती.

चुना करायचा म्हणजे डोंगरातून चुनखडीचा दगड फोडून आणायचा. भट्टीत एक थर लाकडाचा, एक थर दगडाचा, असं वरपर्यंत रचायचं आणि पेटवायचं. कितीतरी दिवस आगीला खायला घालायचं. मग भट्टी निवली की दगड बाहेर काढायचा. दगड दिसायला तेवढाच असायचा, पण हातात घेतला की हलका. जवळजवळ निम्मं वजन गेलेलं असायचं.

"कुठे गेलं?" असं कुणी विचारायचं नाही. गावात रीत होती. भट्टी पेटवताना सगळे हात जोडून म्हणायचे, "आई, तुझा घास तू घे, आमचा चुना आम्हाला दे." जे वजन गेलं, तो आगीचा घास. आणि कुणाच्या ताटातला घास मोजू नये, तसा आगीचा घासही मोजू नये, असं म्हातारी माणसं सांगायची.

आणखी एक रीत होती. भट्ट्या डोंगराच्या उतारावर असायच्या. भट्टीच्या अंगाला एक खोलगट जागा असायची, तिथे लाकडं ठेवायची. त्या खळग्याची उताराकडची बाजू कायम मोकळी सोडायची. तिला आगीची वाट म्हणायचे. घास घेऊन आग त्या वाटेनं जाते, असं म्हणायचे. त्या वाटेवर कुणी बसायचं नाही, लाकूड टाकायचं नाही. आणि भट्टी पेटली की खळग्यात खाली, जमिनीवर, एक दिवा ठेवायचा. पायथ्याचा दिवा. का ठेवायचा, ते आता कुणाला आठवत नव्हतं.

त्या वर्षी हिवाळा वाईट आला. दंव पडून पळसाची पानं काळी झाली. थोरल्याच्या छातीत थंडी बसली होती. खोकला सुरू झाला की तो भिंत धरायचा. वैदूनं नाडी बघितली आणि वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, "याला ऊब द्या. हा हिवाळा गारठ्यात काढला तर पुढचा उन्हाळा हा बघायचा नाही."

हे धाकट्यानं दाराआडून ऐकलं.

पण भट्टी पेटायची होती आणि भट्टीवर राखण थोरल्यालाच करावी लागायची. आगीचा रंग बघून किती लाकूड घालायचं, ते त्यालाच कळायचं. धाकट्याच्या हाती आग दिली की तो सगळं लाकूड एकदम घालायचा.

"भावजींना बसवा की राखणीला," वहिनी म्हणाली. "सगळं गाव भाजून निघेल, थंडी तरी जाईल."

थोरला हसला आणि हसता हसता खोकला. मग तो आत गेला आणि दोन चुनखडीचे दगड घेऊन आला. त्यानं ते चुना विकायच्या तराजूच्या दोन पारड्यांत ठेवले. एकाची कड थोडी थोडी फोडत त्यानं दोन्ही अगदी बरोबर केले. काटा मधोमध उभा राहिला. मग एका दगडावर त्यानं खिळ्यानं फुली मारली.

"हे काय करतोस, दादा?"

"हा फुलीचा भट्टीत घालणार. दुसरा कोनाड्यात ठेवणार. या खेपेला घासाचा माग काढायचा."

"आगीचा घास मोजणार तू? म्हातारे तुला गावाबाहेर काढतील."

"काढू देत. बाहेर निदान कपडे तरी काळे राहतील." थोरल्यानं जुन्या भट्टीतला एक भाजलेला खडा उचलला, परातीत टाकला आणि त्याच्यावर तांब्यातलं पाणी ओतलं. खडा फुसफुसला, तडकला, पाणी उकळायला लागलं. परातीतून वाफ निघाली. "हात लाव."

"वेडा आहेस का? भाजेल."

"का भाजेल? चूल पेटलीय का? पाणी तर विहिरीचं आहे, गार."

"चुन्यात आग असते."

"भट्टी विझून महिना झाला. म्हणजे भट्टीतली आग या खड्यात येऊन बसली होती. पाणी घातल्यावर उठली. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे आग संपली नाही, ती फक्त जागा बदलून बसली. मग दगडाचं निम्मं वजन गेलं, ते तरी संपलं कशावरून? तेही कुठेतरी जाऊन बसलं असणार. कुठे?"

"आगीच्या पोटात."

"आणि आगीचं पोट कुठंय?"

धाकटा हसला. "दादा, तुला ताप चढलाय. गेलं ते गेलं. दिसत नाही म्हणजे नाही."

थोरल्यानं फुलीचा दगड भट्टीच्या मधल्या थरात ठेवला आणि भट्टी पेटली.

पहिले दिवस आग मोठी होती. थोरला दूर बसला तरी शेक लागायचा. मग आग ओसरायला लागली. आता ज्वाळा नव्हत्या, धूरही दिसत नव्हता. दगड आतल्या आत लाल होऊन धुमसत होते. याच दिवसांत राखण जास्त लागते, आणि याच दिवसांत गारठा माणसाला चावतो. थोरला सकाळी घरी यायचा तेव्हा त्याचे ओठ निळे असायचे.

धाकट्यानं भट्टीला हात लावून पाहिला. बाहेरची भिंत गरम होती. खळग्यात उतरलं की पाठीला छान ऊब लागायची, पण उताराकडून वारा यायचा आणि सगळी ऊब घेऊन जायचा. त्याला राग आला. एवढी लाकडं जाळायची आणि ऊब मोकळ्या वाटेनं घालवून द्यायची, आणि इथे माझा भाऊ कुडकुडतोय.

थोरला दुपारी घरी झोपला होता. धाकट्यानं दगड गोळा केले आणि आगीच्या वाटेवर भिंत घालायला घेतली. फटीत चिखल भरला. खांद्यापर्यंत भिंत उभी राहिली. वरून त्यानं कडब्याच्या पेंढ्या रचल्या.

शेजारच्या भट्टीवरचा म्हातारा काठी टेकत आला. "ती वाट आहे, पोरा."

"कुणाची?"

"आगीची. घास घेऊन जाते ती तिथून."

"आजा, मी लहानपणापासून इथे आहे. मला तर कधी कुणी जाताना दिसलं नाही. तुम्हाला दिसलं?"

"दिसत नाही म्हणून तर वाट सोडायची."

"दिसत नाही त्याला वाट कशाला लागते? भिंतीतून जाईल की." आजूबाजूचे लोक हसले. म्हातारा काठी टेकत परत गेला. त्यालाही वाट का सोडायची ते माहीत नव्हतं, त्याच्या आज्यानं सांगितलं होतं एवढंच.

संध्याकाळच्या आत खळगा खोलीसारखा झाला. वारा थांबला. आत चुलीपाशी बसल्यासारखी ऊब होती. धाकट्यानं तळाला गवत अंथरलं, त्यावर घोंगडी टाकली आणि पळत घरी गेला. "दादा, चल. तुझ्यासाठी घर बांधलंय."

थोरला आला, भिंत बघून थांबला. "अरे, वाट बुजवलीस."

"थंडी बुजवली."

थोरल्यानं भट्टीच्या भिंतीवरून हात फिरवला. जुनी भिंत होती, तिच्यात बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. मग धाकट्याचे हात त्याला दिसले. दगड रचून बोटं सोलली होती, चुन्यानं चिरली होती. त्याला नाही म्हणवेना.

"ऊब चांगली आहे," तो म्हणाला. "पण आधी पायथ्याचा दिवा खाली लाव. म्हातारे उगाच ठेवत नसतील तो. दिवा नीट जळला तर मी सकाळी राखण संपली की इथेच पडेन. घरापर्यंत चालायची ताकद नाही राहिली बघ. नाही जळला, तर भिंत पाडू. लावशील ना?"

"लावतो."

"मी वरून लाकूड घालून येतो."

थोरला भट्टीच्या माथ्यावर गेला. धाकट्यानं दिवा पेटवला आणि खळग्यात खाली ठेवला. ज्योत लहान झाली, निळसर झाली आणि विझली. वारा नव्हता. धाकट्यानं वात पुढे ओढली, पुन्हा पेटवला, पुन्हा खाली ठेवला. पुन्हा विझला. त्यानं तेलाचा वास घेतला. तेल चांगलं होतं. त्यानं तिसऱ्यांदा पेटवला. ज्योत जमिनीच्या जवळ गेली, की कुणी चिमटीत धरल्यासारखी मरायची.

धाकटा उकिडवा बसून दिव्याकडे बघत राहिला. त्याला एवढंच दिसत होतं, की दिवा जळला नाही तर दादा भिंत पाडायला लावील आणि उद्या सकाळी पुन्हा निळे ओठ घेऊन घरी येईल. वैदूचे शब्द त्याच्या कानात होते.

त्यानं दिवा उचलला आणि नव्या भिंतीवर, वर, कडब्याच्या आडोशाला ठेवला. तिथे ज्योत सरळ उभी राहिली आणि छान जळायला लागली.

"लागला का रे?" माथ्यावरून थोरल्यानं विचारलं.

"लागला," धाकटा म्हणाला.

हे खोटं नव्हतं. दिवा लागला होता. उजेड थोरल्याला वरून दिसतही होता. धाकट्यावर त्याचा विश्वास होता, म्हणून तो खाली बघायला आला नाही.

सकाळी धुकं होतं. पान हलत नव्हतं. वहिनी भाकरी आणि गरम दूध घेऊन निघाली, धाकटा घोंगडं पांघरून तिच्याबरोबर चालला.

"आज खोकला ऐकू येत नाही तुमच्या दादाचा," वहिनी म्हणाली.

"येणारच नाही. ऊब आहे ना. मी बांधलंय ते. तुम्ही उगाच नावं ठेवता मला."

"बरं बाई. आज नाही ठेवत."

भिंतीवर दिवा अजून जळत होता. थकलेला थोरला पहाटेच्या धुक्यात दिवा कुठे आहे ते न बघताच आत उतरला होता आणि खाली कुशीवर निजला होता, हात गालाखाली घेऊन. गालांवर लाली होती. कितीतरी दिवसांत इतका निवांत निजलेला त्यांनी त्याला पाहिला नव्हता. वहिनीनं दुधाचा तांब्या भिंतीवर ठेवला आणि हळू हाक मारली. मग मोठ्यानं मारली.

धाकटा भिंतीवरून आत उतरला. "दादा, ऊठ." तो वाकला, भावाच्या खांद्याला हात घातला, आणि त्याचं डोकं गरगरलं. छाती भरून आली. श्वास घेतला तरी घेतल्यासारखा वाटेना. गुडघे मोडले. वहिनीनं वरून त्याचे केस धरले, मग बंडी धरली आणि ओरडली. लोक धावले. त्यांनी धाकट्याला ओढून काढलं. थोरल्यालाही काढलं. धाकटा गवतावर पडून ओकला आणि जगला. थोरला हलला नाही.

म्हातारा काठी टेकून उभा होता. तो कुणाला बोल लावत नव्हता, स्वतःशीच बोलल्यासारखा बोलला. "वाट बुजवली. घास घेऊन ती जाणार कुठे? तिथेच बसली."

धाकट्यानं उठून भिंतीवरचा दिवा घेतला. सगळ्यांच्या देखत तो भिंतीवर पालथा झाला, हात खाली सोडला आणि दिवा हळूहळू खाली नेला. ज्योत लहान झाली. निळसर झाली. विझली. त्यानं पुन्हा पेटवला, पुन्हा नेला. विझला. तेव्हा त्याला कळलं, की दगडाचं निम्मं वजन कुठे गेलं होतं. ते भेगांतून बाहेर आलं होतं, खाली उतरलं होतं आणि खळग्यात पाण्यासारखं साचून राहिलं होतं. रंग नव्हता, वास नव्हता, पण होतं. दगडाचं वजन होतं ते. दादा त्यात बुडाला.

त्यानं हातांनी भिंत पाडली. नखं निघाली तरी थांबला नाही. कुणी त्याला थांबवलंही नाही.

थोरल्याला न्यायला चार माणसं लागली, तरी खांदे बदलावे लागले. परत आला तो एका लहान मडक्यात, आणि मडकं धाकट्याच्या एका हातात मावलं. वाटेत तो थांबला. मडकं किती हलकं आहे, ते त्याला सोसेना. एवढा मोठा माणूस. त्याच्या खांद्यावर बसून आपण जत्रा पाहिली. बाकीचा कुठे गेला? त्यानं वर पाहिलं. आभाळात काही दिसत नव्हतं. दिसत नाही म्हणजे नाही, असं आता त्याला म्हणता येत नव्हतं.

घरी येऊन त्यानं वहिनीला दिव्याचं सगळं सांगितलं. वहिनी ऐकत राहिली. ती रडली नाही, ओरडली नाही. धाकट्याला वाटत होतं तिनं मारावं.

"वहिनी, दादा म्हणायचा, काहीच संपत नाही. म्हणजे तोही कुठेतरी असेल."

"कुठे आहेत ते मला सांगू नका, भावजी," ती म्हणाली. "कुठे नाहीत ते मला दिसतंय."

त्या दिवसापासून तिनं त्याला जेवायला वाढलं, पण पुन्हा कधी टोमणा मारला नाही. त्याला त्याचंच जास्त लागलं.

भट्टी निवली. त्या भट्टीचा चुना कुणी घेईना. धाकट्यानं एकट्यानं ती उपसली, आणि मधल्या थरात त्याला फुलीचा दगड सापडला. फुली तशीच होती. आकार तोच. त्यानं तो तराजूत ठेवला आणि दुसऱ्या पारड्यात कोनाड्यातला. कोनाड्यातला दगड खाली आदळला, फुलीचा वर उडाला.

"ह्या दोन्हींत जेवढा फरक आहे," तो स्वतःशी म्हणाला, "तेवढं तेवढं प्रत्येक दगडातून निघालं."

फुलीच्या दगडावर त्यानं पाणी घातलं. तो फुसफुसला, फुटला, परात तापली. धाकट्यानं दोन्ही हात परातीला लावले आणि भाजेपर्यंत लावून ठेवले. दादानं घातलेली आग होती ती. त्यानं लाकूड निवडून, रंग बघून, खोकत घातलेली. शेवटची ऊब होती आणि ती परातीतून बाहेर पडून घरात पसरली, मग दारातून गेली.

जो ओला चुना उरला, तो सगळा, कणही न सांडता, त्यानं पातळ वडीसारखा एका फळीवर थापला आणि खिडकीत ठेवला. टाकून देववेना म्हणून ठेवला. वडी सुकली. तिंबलेल्या कणकेसारखी मऊ होती ती हळूहळू कडक झाली. पावसाळे गेले, हिवाळे गेले. भिंतीवरचा चुना जसा मुरत जाऊन दगड होतो, तशी ती वडी दगड झाली. नखानं ओरखडा उठेना.

धाकटा आता राखण करायचा. आगीचा रंग त्याला कळायला लागला होता. गावातल्या प्रत्येक भट्टीची वाट तो रोज झाडून मोकळी करायचा आणि पायथ्याचा दिवा स्वतः खाली ठेवायचा. दिवा विझला की सगळ्यांना हाकलायचा. लोक त्याला वेडा म्हणायचे, पण ऐकायचे. त्या गावात पुन्हा कुणी तसं मेलं नाही.

एका सकाळी तो घर आवरत असताना वडी त्याच्या हातात आली. ती जड लागली. त्यानं तराजू काढला. एका पारड्यात वडी ठेवली, दुसऱ्यात कोनाड्यातला दगड, जो दादानं बरोबर करून ठेवला होता. पारडी वरखाली झाली, डुलली आणि थांबली. काटा मधोमध उभा होता.

धाकट्याच्या ध्यानात आलं. आगीनं जे घेतलं होतं, ते हवेत होतं. ज्यानं दादाला मारलं, तसलंच हवेतून थोडं थोडं खिडकीतून आत येऊन या वडीत शिरलं होतं. कणभर कमी नाही, कणभर जास्त नाही.

त्यानं हाक मारली. "वहिनी, इकडे या. दादाचा हिशोब लागला. घास मिळाला. बघा, सगळं परत आलं."

वहिनी दारात आली. तिचे केस आता चुन्याशिवायच पांढरे होते. तिनं काट्याकडे पाहिलं. मग तिनं कोनाड्याकडे पाहिलं. थोरल्याची खोकल्याच्या काढ्याची वाटी तिथे अजून पालथी ठेवलेली होती.

"सगळं?" तिनं विचारलं.

धाकट्यानं दगड कोनाड्यात ठेवला, वडी खिडकीत ठेवली, आणि तो वाट झाडायला गेला.

तात्पर्य: या पृथ्वीवर काहीच नाहीसं होत नाही, ते जागा बदलतं. म्हणून जे दिसेनासं झालं, ते कुठे जाऊन बसलं, हे आधी विचारा आणि मगच आपलं माणूस तिथे निजवा. कारण दगड परत येतो, आग परत येते, माणूस तेवढा येत नाही.